‘कम–होम’ जुळत नाही, ‘एट–गेट’ जुळतं

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे, सेमी इंग्रजीला. शाळेतून ‘रायमिंग वर्ड्‌स लिहा आणि त्यांचे अर्थ सांगा’ असा गृहपाठ येतो. दुकानातून दोनशे शब्दांचं पुस्तक आणलं, तिने ते पाठही केलं. तरी चाचणीत तिने ‘कम–होम’, ‘पेन–रेन’ आणि ‘एट–गेट’ अशा जोड्या लिहिल्या आणि तिन्हींवर फुली आली. अर्थ विचारला तर ‘सॅट म्हणजे बसणे’ असं घडाघडा सांगते, पण वाक्य काही करता येत नाही. आता ‘ऑरेंज’ला जुळणारा शब्द आणायला सांगितलाय. मी मराठी माध्यमातून दहावी झालेली. माझेच उच्चार धड नाहीत, तिला कसं शिकवू?
– एक आई, बारामती तालुका

ताई,

आधी त्या तीन जोड्यांचा निकाल लावू. ‘कम–होम’ चूक आहे. ‘पेन–रेन’ही चूक आहे. ‘एट–गेट’ मात्र शंभर टक्के बरोबर आहे, तिथे फुली पडायला नको होती. एट म्हणजे आठ आणि गेट म्हणजे फाटक. दोन्हींचं स्पेलिंग एकमेकांच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही, पण तोंडातून निघताना दोन्ही शेवटी ‘एट’च वाजतात. इंग्रजीतलं यमक कानाने ठरतं, डोळ्याने नाही. तुमच्या लेकीच्या कानाने ते नेमकं पकडलं होतं, हे तिला आजच सांगा. नाहीतर ती कानावरचा विश्वास सोडून स्पेलिंगची शेवटची अक्षरं जुळवत बसेल, आणि तीच सवय पुढे ‘कम–होम’सारख्या चुका करायला लावते.

यमक तुम्हाला नवं नाही. उखाणा घेताना, ओवी म्हणताना तुमचा कान हेच काम करत असतो. ‘पाणी–राणी–गाणी’ ऐकलं की तीन शब्द एका माळेतले वाटतात, कारण ‘आणी’ हा सगळा तुकडा तिन्हींत सारखा आहे. पण उखाण्यात आपण ‘पाणी–चांदणी’ हेही चालवून घेतो. तिथे फक्त शेवटचा ‘णी’ जुळतो आणि मराठी कान तेवढ्यावर खूश असतो. इंग्रजी कान खूश होत नाही. तिथला नियम असा : शब्दात ज्या शेवटच्या स्वरावर जोर पडतो, त्या स्वरापासून पुढचं सगळं सारखं वाजलं पाहिजे आणि त्याच्या आधीचं व्यंजन वेगळं पाहिजे. म्हणून ‘टीचर–पिक्चर’ हे यमक नाही, ‘टीचर–क्रीचर’ आहे. ‘रनिंग–ईटिंग’ नाही, ‘मीटिंग–ईटिंग’ आहे. मराठी घरातल्या मुलांच्या वहीत ‘शेवट सारखा दिसला, लिहून टाकला’ अशा जोड्या फार सापडतात, त्याचं मूळ आपल्या या उदार कानात आहे. सुदैवाने दुसरीतले बहुतेक शब्द एका ठोक्याचे असतात, तिथे हा घोळ होत नाही. स्वर आणि त्यानंतरचं व्यंजन सारखं वाजलं की काम झालं.

आता ‘कम’ आणि ‘होम’. दोन्हींच्या शेवटी ओ-एम-ई आहे, म्हणून तिने जोडी लावली. पण ‘कम’ जुळतो सम, गम, ड्रम, थम यांच्याशी. यातला थम म्हणजे अंगठा, शेवटी बी लिहितात पण म्हणत नाहीत. ‘होम’ जुळतो डोम, फोम, कोम यांच्याशी. डोम म्हणजे घुमट, फोम म्हणजे फेस, कोम म्हणजे कंगवा. त्या कंगव्याच्या शेवटीही मुका बी आहे. गंमत पुढेच आहे : कंगवा ‘कोम’, थडगं ‘टूम’ आणि बॉम्ब ‘बॉम’. तिन्हींच्या शेवटी ओ-एम-बी, आणि तिघांपैकी कुणाचंच कुणाशी यमक नाही!

असं का, हे लेकीला थोडक्यात सांगता येईल. इंग्लंडमध्ये कॅक्स्टनने १४७६ साली छापखाना काढला आणि हळूहळू स्पेलिंग छापात गोठत गेलं. त्याच काळात लोकांच्या तोंडातले दीर्घ स्वर बदलत होते आणि पुढे दोनेकशे वर्षं बदलत राहिले. लिहिणं जागच्या जागी राहिलं, बोलणं पुढे गेलं. ‘कम’, ‘सम’, ‘लव्ह’, ‘सन’ म्हणजे मुलगा, या शब्दांत ‘अ’ वाजतो आणि ओ लिहितात, त्याचं आणखी एक कारण भाषेचे अभ्यासक देतात. हाताने पोथ्या लिहिण्याच्या काळात यू, एम, एन, व्ही ही अक्षरं म्हणजे सारख्याच उभ्या रेघा असत. त्या शेजारीशेजारी आल्या की वाचताना गोंधळ होई, म्हणून लेखनिक यूच्या जागी ओ लिहू लागले. मुलांना ही गोष्ट आवडते. चूक आपली एकट्याची नाही, स्पेलिंगच वेंधळं आहे, हे कळलं की त्यांचा धीर वाढतो.

‘पेन–रेन’ची चूक वेगळ्या जातीची आहे आणि आमच्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची. ही चूक लेकीची नाही, त्या पुस्तकाची आहे. अशा पुस्तकांत शब्दाशेजारी देवनागरीत उच्चार छापतात : पेन, रेन. वाचणाऱ्याला ते यमकच दिसणार! मराठीने इंग्रजी शब्दांसाठी ॅ आणि ॉ ही चिन्हं घेतली, त्यामुळे ‘बॅट’ आणि ‘बॉल’ आपण नेमके लिहू शकतो. ‘ए’ मात्र आपल्याकडे एकच राहिला. इंग्रजीत ते दोन वेगळे स्वर आहेत. ‘पेन’मधला आखूड, तोंड जरा उघडून एका झटक्यात संपणारा. ‘रेन’मधला लांब, शेवटी ‘इ’कडे सरकणारा, जवळजवळ ‘रेइन’. म्हणून देवनागरीत जुळे दिसणारे हे शब्द इंग्रजीत वेगवेगळ्या घरचे आहेत : मिळवणे आणि फाटक, दोन्ही ‘गेट’. ओलं आणि थांबणे, दोन्ही ‘वेट’. चाचणी आणि चव, दोन्ही ‘टेस्ट’. विकणे आणि विक्री, दोन्ही ‘सेल’. लिहायची पेन आणि दुखणं, दोन्ही ‘पेन’.

यावर उपाय सोपा आहे. घरातल्या वहीसाठी एक खूण ठरवा. आखूड असेल तिथे ‘ए’, लांब असेल तिथे ‘एइ’. पेन, टेन, हेन, मेन, डेन एका पानावर. रेइन, ट्रेइन, ब्रेइन, चेइन दुसऱ्या पानावर. त्या विकतच्या पुस्तकात पेन्सिलने ‘इ’ घालत जा, खात्री नसेल तिथे शब्दकोशातला आवाज ऐकून. हनुवटीखाली पालथा हात धरून लेकीला दोन्ही शब्द म्हणायला लावा. ‘पेन’ला हनुवटी खाली जाऊन थांबते, ‘रेइन’ला शेवटी जराशी वर येते. आपल्याकडे बरेच जण ‘एइ’ इतकं स्पष्ट न म्हणता नुसता ‘ए’ लांबवतात. तेही चालेल, फक्त ‘पेन’चा ‘ए’ आखूड ठेवायचा.

असाच दुसरा खड्डा इ-ई आणि उ-ऊ यांचा. मराठीत ‘वीट’, ‘मूल’, ‘फूल’ या शब्दांत शेवटच्या अक्षराआधीचा स्वर आपण दीर्घ लिहितो आणि दीर्घच म्हणतो. जिभेला ती सवय इतकी की इंग्रजी ‘फुल’, म्हणजे भरलेलं, आणि ‘फूल’, म्हणजे मूर्ख, दोन्ही आपण फुलासारखेच म्हणतो. इंग्रजीत ‘फुल’ जुळतो पुल, म्हणजे ओढणे, याच्याशी. ‘फूल’ जुळतो पूल, स्कूल, कूल यांच्याशी. तसंच सिट, हिट, बिट, फिट एका बाजूला आणि सीट, हीट, मीट, फीट दुसऱ्या बाजूला. जहाज ‘शिप’ जुळतं लिप आणि टिप यांच्याशी, मेंढी ‘शीप’ जुळते स्लीप आणि डीप यांच्याशी. ऱ्हस्वाचे शब्द चुटकी वाजवून म्हणायचे, दीर्घाचे हात लांबवून. आठवडाभरात फरक कानात बसतो.

तुमचे उच्चार धड नाहीत असं म्हणालात. त्याची काळजी सोडा. केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश फोनवर फुकट उघडतो. शब्द टाकला की दोन स्पीकरची चित्रं दिसतात, एक ब्रिटिश उच्चाराचं, एक अमेरिकन. दोघींनी मिळून ऐकायचं, तीनदा. तुम्ही निवाडा करायचा नाही, फक्त विचारायचं, ‘शेवट सारखा वाजला का गं?’ उच्चार शब्दकोशाचा, कान तुमचा.

दोनशे शब्दांचं पुस्तक महिनाभर बाजूला ठेवा. डी. डी. ड्युरेल आणि आर. ई. वायली या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९७० साली दाखवलं की अवघ्या ३७ शेपटांवर प्राथमिक वर्गातले सुमारे ५०० शब्द उभे राहतात. शेपूट म्हणजे पहिलं व्यंजन काढल्यावर उरतं ते : ऍट, इंग, एइक, ऑल, अग. तुम्ही सहापासून सुरुवात करा. प्रत्येकी पाच शब्द, म्हणजे तीस कार्डं. जुन्या लग्नपत्रिका कापल्या तर छान जाड होतात. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला स्पेलिंग, मराठी अर्थ कुठेच लिहायचा नाही. सहा कुटुंबं अशी घ्या : मग, जग, बग, हग, रग. बेल, वेल, टेल, शेल, स्मेल. किंग, रिंग, विंग, सिंग, स्विंग. बॉल, वॉल, टॉल, स्मॉल, फॉल. केइक, लेइक, स्नेइक, बेइक, शेइक. आणि सगळ्यात शेवटी लाइट, नाइट, राइट, काइट, व्हाइट, कारण या कुटुंबात दोन प्रकारची स्पेलिंगं नांदतात. ‘बेल’च्या पानावर ‘फेल’ घालू नका. पडला या अर्थाचा फेल तिथलाच, पण आपल्या घरात फेल म्हणजे नापास, आणि तो ‘फेइल’ आहे.

रोज दहा मिनिटं, जास्त नको. पहिला आठवडा कागद-पेन्सिल अजिबात नाही. न्हाणीघरातला मग आणि स्वयंपाकघरातला जग समोर ठेवा. ‘मग, जग, बेल. वेगळा कोण?’ एवढंच विचारा. इथे ती तीन प्रकारे अडखळेल, त्याची तयारी ठेवा.

एक, ती ‘बॉल, बेल, बग’ असा गट लावेल. ‘ब बदकाचा’ आणि ‘ए फॉर ऍपल’ या तक्त्यांनी मुलांना शब्दाचं तोंड बघायची सवय लावलेली असते, शेपूट बघायची नाही. अशा वेळी शब्दाचं पहिलं अक्षर सोडून द्यायचं आणि उरलेलं म्हणायचं : ‘…अग’, ‘…अग’, ‘…एल’. आता वेगळा कोण ते लगेच ऐकू येतं. दोन, ती अर्थाने जोड्या लावेल. किंग–क्वीन, किंवा मग–जग, पाण्याचे म्हणून. ‘मग–जग’ बरोबर आलं तरी हुरळून जाऊ नका, पुढे ‘बग’ घालून बघा. किड्याचा पाण्याशी काही संबंध नाही, तरी तिने त्याला गटात घेतलं तरच कान काम करतोय. तीन, ‘बुक’ला जुळणारा सांग म्हटलं की ती ‘बिक’ म्हणेल. हे आपलं ‘पुस्तक-बिस्तक’, ‘चहा-बिहा’. त्यात पहिला स्वर बदलून ‘बि’ येतो, यमकात स्वर तोच राहायला हवा. ‘बुक’ला हुक, कुक, लुक.

हा ‘वेगळा कोण’ खेळ आमच्या मनचा नाही. ब्रिटनमध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना याच प्रकारे पारखलं, त्यातल्या काहींना पुढे दोन वर्षं आवाजांवरून गट लावायला शिकवलं आणि १९८३ साली निष्कर्ष छापले. आवाजाबरोबर प्लास्टिकची अक्षरं हातात दिलेली मुलं वाचनात आणि स्पेलिंगमध्ये सगळ्यांत पुढे गेली. म्हणून दुसऱ्या आठवड्यात कार्डं, तिसऱ्यात अक्षरं.

तिसऱ्या आठवड्यात कागदाच्या पट्टीवर ‘यू-जी’ लिहा आणि त्यापुढे एकेक व्यंजनाची चिठ्ठी सरकवा. बी, डी, एच, जे, एम, आर, टी लावलं तर खरे शब्द होतात. के, झेड लावलं तर ‘कग’, ‘झग’ असे पोकळ शब्द होतात. तेही मोठ्याने म्हणू द्या, हसू द्या. यमक दोन्हींचं जुळतं, अर्थ एकाच बाजूला आहे. ‘खरे’ आणि ‘पोकळ’ असे दोन डबे करा. चिठ्ठी कुठल्या डब्यात टाकायची हे ठरवताना ती आपणहून विचारते, ‘डग म्हणजे काय?’ अर्थ सांगायची वेळ तीच. तोपर्यंत सांगितलेला अर्थ पाठ होतो आणि विरून जातो.

आणि अर्थ सांगताना या पुस्तकांची मोठी चूक टाळा. ‘सॅट – बसणे’, ‘रॅन – पळणे’, ‘डग – खणणे’ असं त्यात असतं. सॅट म्हणजे बसणे नाही, बसला, बसली. रॅन म्हणजे पळाला. डग म्हणजे खणलं. बसणे हा अर्थ पाठ केला की मूल ‘आय विल सॅट’ लिहितं आणि वाक्य कोसळतं. लेकीचं वाक्य अडतंय ते बहुधा इथेच. वहीत दोन रकाने करा, आज आणि काल. आज सिट, काल सॅट. आज रन, काल रॅन. आज डिग, काल डग. करता करता तिला दिसेल की काळ बदलला की शब्द कुटुंबही बदलतो : आज ‘टेल’ बेलच्या घरी, काल ‘टोल्ड’ म्हणून गोल्ड, कोल्ड, होल्ड यांच्याकडे. ‘आय टेल’ आणि ‘आय टोल्ड’ असं तिने दोन्ही म्हणून पाहिलं की यमक आणि अर्थ एकाच वेळी पक्के होतात.

एका शब्दाला एकच मराठी अर्थ जोडू नका. वेल म्हणजे विहीर आणि चांगलंही. लाइट म्हणजे उजेड आणि हलकंही. राइट म्हणजे बरोबर, उजवा, आणि वेगळ्या स्पेलिंगने लिहिणे. मात्र राइट–राइट हे यमक म्हणून लिहू नका. पहिलं व्यंजनही सारखं झालं की ते फक्त सारख्या उच्चाराचे शब्द. अर्थ वस्तूने, कृतीने, वाक्याने द्या. ‘द बग इज ऑन द रग, नॉट इन द मग.’ सतरंजीवर एखादं बटण ठेवा, त्याला किडा म्हणा आणि तिच्याकडून वाक्य वदवून घ्या. मग बटण मगात टाका आणि वाक्य बदलायला सांगा.

काही शब्दांत अर्थ ठरल्याशिवाय यमक ठरतच नाही. हे दुसरीत लगेच लागणार नाही, पण तिसरी-चौथीत नक्की भेटेल. टी-ई-ए-आर : अश्रू असेल तर ‘टिअर’, जुळतो नीअर आणि हिअर यांच्याशी. फाडणे असेल तर ‘टेअर’, जुळतो बेअर आणि चेअर यांच्याशी. बी-ओ-डब्ल्यू : धनुष्य किंवा रिबिनीची गाठ असेल तर ‘बो’, गो आणि शोच्या घरी. वाकून नमस्कार असेल तर ‘बाउ’, काउ आणि नाउच्या घरी. एल-ई-ए-डी : पुढे नेणे ‘लीड’, शिसं मात्र ‘लेड’, रेड आणि बेडच्या जोडीचं. डब्ल्यू-आय-एन-डी : वारा ‘विंड’, गुंडाळणे ‘वाइंड’, काइंड आणि फाइंडशी जुळणारं. असा शब्द आला की आधी वाक्य विचारायचं, मग यमक.

शाळेचं बोलू. बाईंना वही घेऊन भेटा, पण तक्रारीच्या सुरात नको. फोनवर शब्दकोशातला ‘एट’ आणि ‘गेइट’चा आवाज ऐकवा आणि विचारा, ‘बाई, हे चालेल का?’ चाळीस वह्या तपासताना नजर स्पेलिंगवर जाते, ऐकायला सवड नसते, म्हणून अशी फुली पडते. मार्कांपुरता सुरक्षित मार्ग हाच, की परीक्षेत ज्याचं स्पेलिंग आणि आवाज दोन्ही जुळतात असाच शब्द लिहायचा : गेटला लेट किंवा प्लेट, एटला वेट, म्हणजे वजन. घरी मात्र कानाचंच ऐकायचं. व्हिडिओवरची अमेरिकन गाणी ती ऐकत असेल तर एक लक्षात असू द्या : त्यांच्या शेवटच्या अक्षराचं नाव ‘झी’, ते ‘बी’शी जुळतं. शाळेतलं ‘झेड’ जुळतं ‘बेड’शी. तसंच ब्रिटिश उच्चारात ‘लॉ’ आणि ‘डोअर’ जुळतात, कारण ते शेवटचा ‘र’ म्हणत नाहीत. आपण म्हणतो, म्हणून आपल्याला ते पटत नाही. या जोड्या सध्या बाजूला ठेवा.

राहिलं ‘ऑरेंज’. रोजच्या इंग्रजीत त्याला जुळणारा शब्द नाही. ‘मंथ’ला नाही, ‘सिल्व्हर’लाही नाही. शोधून शोधून सापडतो तो ब्लोरेंज, वेल्समधल्या एका टेकडीचं नाव. लेकीला ती जागा कोरी सोडायची नसेल तर तिथे ब्लोरेंज लिहू द्या, आणि अर्थाच्या रकान्यात ‘टेकडी’.